लहान होडीची वर्दी

१८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीचा आदला दिवस. रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक रिकामी नौका हेलकावे खाताना लोकांना दिसली. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे सापडली. काही तासांत राज्यभर खळबळ उडाली, नाकेबंदी झाली. विधिमंडळाचे अधिवेशन चालूच होते. उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी सभागृहात माहिती दिली. नौकेचे नाव ‘लेडी हान’, मालकी एका ऑस्ट्रेलियन महिलेची. मस्कतहून युरोपकडे जाताना २६ जूनला तिचे इंजिन बंद पडले. मदतीची हाक ऐकून एका कोरियन युद्धनौकेने आतल्या माणसांना वाचवले आणि ओमानच्या हवाली केले. समुद्र खवळलेला असल्याने नौका ओढून नेता आली नाही. माणसे सुटली आणि नौका साडेसात आठवडे वाहत वाहत कोकणात आली.

कट काही निघाला नाही. तरी एक प्रश्न मागे उरला. परदेशी जहाज बंदरात येते तेव्हा त्याची नोंद कुठे नि कशी होते, हे आपल्याला साधारण ठाऊक असते. पण दोन-चार माणसांच्या, हौसेने हाकलेल्या नौकेने किनाऱ्याला लागल्याची वर्दी कुणाला द्यायची? ती द्यायला आत माणूसच नसेल तर काय?

कायद्यात याचे उत्तर आहे. १९६२च्या सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम २९नुसार परदेशातून येणाऱ्या नौकेने आधी सीमाशुल्क बंदरातच लागायचे. वादळ, अपघात किंवा अशाच अटळ कारणाने दुसरीकडे लागावे लागले, तर नौकेच्या प्रमुखाने विनाविलंब जवळच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला कळवायचे आणि मागितल्यास नौकेची रोजनिशी दाखवायची. भरकटलेल्या नावाड्याचा विचार कायद्याने केला आहे. मात्र त्याने एक गृहीत धरले आहे : वर्दी नावाड्याने द्यायची. किनाऱ्याने स्वतःहून काय पाहायचे, हे त्यात नाही.

आपल्या किनाऱ्यावर ही वर्दीची गोष्ट जुनी आहे आणि तिचा आरंभ सुरक्षेतून झालेला नाही. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना काढला. नौकेचे नाव, तिचा नाखवा, आकार, शस्त्रे, कुठून कुठे जाणार, हे सारे त्यात लिहिलेले असे. परवाना नसलेले गलबत जप्त होई आणि परवाना असलेल्याला त्यांच्या बंदरात जकात भरावी लागे. ज्या समुद्रावर कुणाचाच हक्क नव्हता, त्यावर कागदाच्या जोरावर हक्क सांगण्याची ही युक्ती होती. निजामशाही, आदिलशाही, पुढे मुघल, सर्वांच्याच जहाजांना हा कागद घ्यावा लागला.

मराठ्यांनी त्याला उत्तरही कागदानेच दिले. शिवछत्रपतींनी आरमार उभारल्यावर आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात ‘दस्तक’ हा शब्द पश्चिम समुद्रात दरारा बाळगून राहिला. आंग्रे आणि मुंबईकर इंग्रज यांच्या भांडणाचे एक मूळ यातच होते. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांचा प्रश्न वेगळा. पण मुंबईतल्या इतर व्यापाऱ्यांच्या गलबतांना इंग्रजांनी दिलेला परवाना आंग्र्यांनी का मानावा? इंग्रजी कागदपत्रांत कान्होजी ‘चाचा’ ठरले ते बऱ्याच अंशी या वादामुळे. ज्याचा परवाना चालतो त्याचे पाणी, असा तो व्यवहार होता.

या काळातील एका मराठी ग्रंथाने मात्र वेगळा सूर लावला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. कौल घेतलेल्या सावकारांची तरांडी निर्धास्त चालू द्यावीत, हे त्यात आहेच. पण परमुलखातले बिनकौली तारू दिसले तरी एकदम लुटू नये, दिलासा देऊन बंदरात आणावे, जकात घ्यावी, व्यापार वाढवावा, असाही त्याचा आशय आहे. अनोळखी होडीशी आधी बोलावे, ही शिकवण तीनशे वर्षांपूर्वीची आहे.

इंग्रजी अंमलात समुद्राचा कागद कचेरीत गेला. १८३८च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील किनारी नौकांची नोंद आणि त्यांच्यावर क्रमांक घालणे सुरू झाले. १८७८च्या सागरी सीमाशुल्क कायद्याने आवक-जावक बांधून काढली. मचवा, पडाव, शिबाड ही सगळी त्यात आली. पण नजर होती ती मालावर. माल नसलेली, हौसेची नौका दुर्मीळ होती आणि ती बहुधा साहेबाचीच असे. मुंबईचा यॉट क्लब १८४६चा. गोऱ्या साहेबाच्या शिडाच्या नौकेला आणि कोळ्याच्या होडीला एकच नियम लागला तरी एकच वागणूक मिळत नसे, हे वेगळे सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर दोन तारखांनी चित्र बदलले. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. पुढे विशेष टाडा न्यायालयाने काही सीमाशुल्क अधिकारी आणि पोलिसांनाही दोषी ठरवले. म्हणजे तिथे नियम कमी पडला नव्हता. वर्दी घेणारा माणूस विकला गेला होता. शेखाडी आणि हरिहरेश्वर एकाच तालुक्यात आहेत, म्हणून २०२२च्या त्या दिवशी उडालेली घबराट समजण्याजोगी आहे. दुसरी तारीख २६ नोव्हेंबर २००८. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आलेले दहाजण रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकले होते. किनाऱ्याने पाहिले होते. पाहिलेले पुढे पोहोचवायची वाट नव्हती.

नंतर ती वाट बांधण्याचा प्रयत्न झाला : सागरी पोलीस ठाणी, मच्छीमारांना ओळखपत्रे, होड्यांना राज्यवार रंग, वीस मीटरपेक्षा मोठ्या मासेमारी नौकांवर ठिकाण सांगणारे यंत्र. आंतरराष्ट्रीय नियमानेही हे यंत्र ३०० टनांवरच्या जहाजांनाच सक्तीचे आहे. ‘लेडी हान’ सुमारे सोळा मीटरची होती. म्हणजे जिच्याबद्दल काळजी, तीच लहान नौका जाळीच्या भोकातून निसटते. आणि जी निसटत नाही, ती रोज जाऊन-येऊन पोट भरणाऱ्या कोळ्याची होडी. कागदाचा भार तिच्यावर पडतो.

हौशी दर्यावर्दींना हा जाच वाटत असला तरी त्याची दुसरी बाजू त्यांनाच अधिक ठाऊक असते. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ घेऊन मुंबईतून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. वाटेत फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन अशी चार बंदरे. अशा प्रवासात परक्या बंदरात शिरताना पिवळे निशाण चढवायचे : नौकेवर रोगराई नाही, आत येऊ द्या, असा त्याचा अर्थ. न्यूझीलंडला तर येण्याची खबर आगाऊ द्यावी लागते. अमेरिकेत हौशी नौकेचा प्रमुख आता मोबाइलवरच्या ॲपवरूनही वर्दी देऊ शकतो. पण आगाऊ खबर दिली याचा अर्थ असाही होतो, की कुणीतरी आपली वाट पाहते आहे. ठरल्या वेळी पोहोचलो नाही, तर शोध सुरू होईल.

हा अर्थ कळायला समुद्रच हवा असे नाही. भिगवणपासून समुद्र दूर, पण पाणी दाराशी आहे. १९८०च्या सुमारास उजनी धरण पुरे झाले आणि भीमेचे पात्र फुगून तलावासारखे झाले. अलीकडे पुणे जिल्ह्यातला इंदापूर, पलीकडे सोलापूरचा करमाळा आणि अहिल्यानगरचा कर्जत. जिल्ह्यांच्या हद्दी पाण्यातून जातात. डिकसळ, कुंभारगावचे मच्छीमार हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवायला पर्यटकांना होडीतून नेतात. एरवीही सड्यासोयऱ्यांकडे जायला होडीच जवळची. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सातांपैकी एकजण पोहून काठाला लागला. सहाजण गेले, त्यांत लहान मुलेही होती. वाचलेला माणूस काठावर आला, म्हणून काठाला कळले. तो आला नसता, तर त्या होडीत कोण होते हे सांगणारी एक ओळ तरी कुठल्या वहीत होती?

अंतर्देशीय जलयानांचा २०२१चा कायदा नोंदणी, सुरक्षा आणि बिनइंजिनाच्या होड्यांपर्यंत जातो. पण वही ठेवायची तर ती धक्क्यावर ठेवावी लागेल. कार्ताझपासून ॲपपर्यंत राज्यकर्त्यांनी विचारलेला प्रश्न एकच होता : कोण आले? धक्क्यावरच्या वहीने आणखी एक विचारायला हवा : कोण अजून आले नाही? त्यासाठी लागते ती शंभर पानांची वही, होडीचा क्रमांक, माणसांची नावे, निघाल्याची वेळ आणि पलीकडच्या काठावर फोन उचलणारा एकजण.