वकील नाही, तरी कायद्याची मदत: नर्स आणि समाजकार्य शिकलेल्यांसाठी कामाच्या वाटा

मारहाण झालेली बाई ग्रामीण रुग्णालयात येते, तेव्हा तिला आधी भेटते ती नर्स. वकील नंतर भेटतो, कधी कधी भेटतच नाही. घाबरून ती 'घरात पडले' म्हणाली आणि कागदावर तेवढंच लिहिलं गेलं, तर पुढे कोर्टात केस उभी करणं अवघड जातं. म्हणूनच दवाखाना किंवा समाजकार्यासोबत कायदाही कळणाऱ्या माणसांची गरज असते. अशा कामाच्या मुख्य वाटा पुढीलप्रमाणे.

विधी स्वयंसेवक (पीएलव्ही)

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ही योजना 2009 पासून आहे. आता त्यांना 'अधिकार मित्र' असंही म्हणतात. अंगणवाडी सेविका, शिक्षक, एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी, डॉक्टर, बचत गटाच्या महिला, निवृत्त कर्मचारी यांतून निवड होते. कायद्याची पदवी लागत नाही. लिहिता-वाचता यावं, दहावी झालेली असल्यास उत्तम.

अर्ज लिहून देणं, पोलीस ठाण्यात सोबत जाणं, गरजूला मोफत वकिलापर्यंत पोहोचवणं हे त्यांचं काम. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतील व्यक्तींना मोफत वकील मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असो. गावात हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

मात्र ही पगाराची नोकरी नाही. काम केलेल्या दिवसांचं मानधन मिळतं. कोर्टात बाजू मांडता येत नाही आणि लोकांकडून पैसे घेता येत नाहीत.

सखी केंद्र आणि विशेष कक्ष

अत्याचारग्रस्त महिलांसाठी 2015 पासून 'सखी' वन स्टॉप सेंटर सुरू झाली. तिथे उपचार, समुपदेशन, पोलीस आणि कायद्याची मदत एकाच छताखाली मिळते. त्यामुळे केस वर्कर, समुपदेशक आणि पॅरामेडिकल कर्मचारी लागतात. ही पदं बहुधा कंत्राटी असतात.

पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्त्या बसवण्याचा प्रयोग तर मुंबईत 1984 मध्येच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सुरू केला. पुढे असे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष राज्यातल्या जिल्ह्यांत पोहोचले. इथे समाजकार्याची पदवी कामी येते.

पोक्सोच्या केसमध्ये तपास आणि खटल्याच्या काळात मुलाला सोबत देण्यासाठी बालकल्याण समिती सहायक व्यक्ती नेमू शकते. तिथेही समाजकार्य आणि मुलांसोबतच्या कामाचा अनुभव उपयोगी पडतो.

पूर्ण वकील व्हायचं असेल तर

बी.एस्सी. नर्सिंग किंवा बीएसडब्ल्यू झाल्यावर तीन वर्षांची एलएलबी करता येते. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. पदवीला खुल्या गटात 45 टक्के, ओबीसींना 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के गुण लागतात. जीएनएम ही पदविका आहे. ती केलेल्यांनी आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. पूर्ण करावी. घरबसल्या, दूरशिक्षणातून केलेली एलएलबी वकिलीसाठी चालत नाही.

फसू नका

'इतके हजार भरा, सरकारी पॅरालीगल व्हा' असा मेसेज आला तर पैसे भरू नका. पीएलव्हीचं प्रशिक्षण विधी सेवा प्राधिकरणच देतं, त्याला फी नाही. तालुक्याच्या कोर्टातील तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जाऊन भरती कधी आहे ते विचारा. कायद्याची मदत हवी असेल तर 15100 हा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.