डायरीच्या नोंदीला नाव काय द्यायचं?

आजचा विषय दिसायला अगदी छोटा आहे. कॉम्प्युटरवर डायरी लिहिताना रोजच्या नोंदीला मथळा काय द्यायचा? तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? पण इतिहासाच्या अभ्यासकांची निम्मी डोकेफोड याच एका ओळीपायी झालेली आहे.

आपल्याकडचंच बघा. मराठेशाहीतल्या कितीतरी पत्रांवर ‘छ १० रबिलावल’ एवढंच असतं. छ म्हणजे चंद्र, दहावा चंद्र, महिना रबिलावल. वर्ष नाही! लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते माहीतच होतं, मग लिहायचं कशाला? राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. अशा पत्राचं वर्ष ठरवायचं तर आतला मजकूर, त्यातली माणसं, छावणी कुठे पडली होती, यावरून अंदाज बांधायचा. एक वर्ष इकडचं तिकडे झालं की कोणाला काय आणि कधी कळलं होतं, हा सगळा हिशोबच फिरतो.

आता याच्या उलट उदाहरण. जेधे शकावली, जी लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. तिच्यात शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद आहे: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र. एकाच दिवसाला इतक्या खुणा! त्या पंचांगाशी ताडून बघता येतात. तिथी आणि वार जुळले नाहीत, तर नोंदीत काहीतरी गडबड आहे हे कळतं. इथे त्या जुळतात, म्हणूनच जुन्या बखरींतून आलेल्या १६२७ सालासमोर ही नोंद वजनदार ठरली. अर्थात इथेही एक मेख आहेच. शकात ७८ मिळवले की १६२९ येतात, पण फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, म्हणून साल १६३०. आणि १९ फेब्रुवारी हीसुद्धा जुन्या, ज्युलियन पद्धतीची तारीख. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १ मार्च येतो.

इंग्लंडही यातून सुटलेलं नाही. सॅम्युअल पेप्सने आपली प्रसिद्ध डायरी १ जानेवारी १६६० ला सुरू केली असं आपण म्हणतो. पण तिथे कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे तेव्हा अजून १६५९ च चालू होतं. म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखांना लोक दोन्ही सालं लिहायचे. हा घोळ १७५२ मध्ये मिटला.

मग कॉम्प्युटर आला, आणि घोळ नव्या रूपात परत आला. ईमॅक्स नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये डायरीची सोय जुनी आहे, आणि तारीख अमेरिकन, युरोपियन की आयएसओ पद्धतीने वाचायची, हे तिथे सांगावं लागतं. न सांगितलं तर अमेरिकन. म्हणजे तुमचा ४/५ हा चार मे नसून पाच एप्रिल! १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ हे मानक आलं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. याचा फायदा साधा आहे. फाइली नावाने लावल्या की आपोआप काळानुसार लागतात. इंग्रजी महिन्यांची नावं आधी टाकलीत तर एप्रिल, मग ऑगस्ट, मग डिसेंबर अशी वरात निघते.

ईमॅक्समध्येच ऑर्ग-जर्नल नावाचं एक पॅकेज आहे. त्यात फाइलचं नाव आणि आतल्या नोंदीचा मथळा या दोन वेगळ्या सेटिंग आहेत, आणि मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते. नाव यंत्रासाठी, मथळा माणसासाठी. मुळात फाइलला सलग आठ आकडे मिळतात: वर्ष, महिना, दिवस. मथळ्यात मात्र वार येतो आणि पुढे टक्क्याचं चिन्ह व लहान एक्स, म्हणजे ‘या मशीनची जी पद्धत असेल ती तारीख’. धोका इथेच आहे. ऑफिसचा कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर आणि घरचा भारतीय, तर एकाच डायरीत दोन पद्धतींचे मथळे पडतात. वर्षही कधी दोनच आकड्यांत येतं. दहा वर्षांनी कोण ओळखणार?

म्हणून माझं सांगणं असं. फाइलचं नाव आकड्यांतच राहू द्या. मथळ्यातला तो एक्स काढा आणि सगळं उघड लिहा: मोठा ए म्हणजे वार, लहान डी म्हणजे दिवस, मोठा बी म्हणजे महिन्याचं पूर्ण नाव, मोठा वाय म्हणजे चार आकडी वर्ष. प्रत्येकाआधी टक्क्याचं चिन्ह. आणि फाइलच्या नावात देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळू नका, क्रम बिघडतो.

वार कशाला, असं कोणी विचारेल. तर जेधे शकावलीतला शुक्रवार आठवा. तारीख चुकली तर वार चुगली करतो. आपल्या डायऱ्या कोणी वाचेल की नाही, कोण जाणे. पण वाचल्याच, तर त्या माणसाला निदान वर्ष शोधत बसायला लागू नये.

भेटू पुढच्या भागात.