खिडकीवर खिडकी

परवा रविवारी सकाळी सांगलीहून मावशीचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"अरे, लॅपटॉपवर सगळा पडदा भरून काहीतरी आलंय. आतून एक बाई इंग्रजीत ओरडतेय, भोंगा वाजतोय, आणि खाली मायक्रोसॉफ्टचा नंबर दिलाय. लावू का?"

"मावशी, काहीही कर, पण तो नंबर लावू नकोस."

मग फोनवरच सगळं उरकलं. एस्केपचं बटण जरा वेळ दाबून धरायला लावलं, म्हणजे पूर्ण पडदा व्यापलेलं पान लहान होतं. तेवढ्याने भागेना. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायला सांगितलं, टास्क मॅनेजर उघडला, त्यात ब्राउझर शोधून 'एंड टास्क'. पुन्हा उघडल्यावर "आधीची पानं परत आणू का" असं विचारेल, त्याला नाही म्हण. दहा मिनिटांत बाई गप्प झाली. पण मावशी मराठीची निवृत्त शिक्षिका, ती कशाला गप्प बसतेय! म्हणाली, "पण मी काहीच केलं नव्हतं रे. हे आपोआप उघडतंच कसं?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर द्यायला तीस वर्षं मागे जावं लागतं. फोनवर मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. नीट उत्तर इथे लिहितोय.

तर मंडळी, १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक नावाच्या माणसाने दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. या भाषेत पानाला नवी खिडकी उघडायची सोय होती. वाईट हेतू काहीच नव्हता. फॉर्म भरताना मदतीची छोटी खिडकी उघडावी, फोटो मोठा करून दाखवावा, इतकीच अपेक्षा. फक्त एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. खिडकी उघडायची का, हे वापरणाऱ्याला विचारायचं राहून गेलं. कुठल्याही पानाने मनात येईल तेव्हा, वाटेल तितक्या खिडक्या उघडाव्यात. दार सताड उघडं.

त्या दारातून पहिली जाहिरात आत आणणाऱ्यांपैकी एकाचं नाव आपल्याला माहीत आहे. इथन झुकरमन. नव्वदच्या दशकात तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 'ट्रायपॉड' या कंपनीत कामाला होता. ट्रायपॉडवर कुणालाही फुकट आपलं पान बनवता यायचं, आणि कंपनी त्या पानांवर जाहिराती लावून पैसे काढायची. एका मोटार कंपनीची जाहिरात एका भलत्याच, म्हणजे चारचौघांत नाव घेता येणार नाही अशा विषयाच्या पानावर झळकली, आणि मोटारवाले भडकले. तोडगा काय काढायचा? झुकरमनने कोड लिहिला: जाहिरात पानावर न लावता वेगळ्या खिडकीत उघडायची, म्हणजे पानाचा आणि जाहिरातीचा संबंध उरत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये 'द अटलांटिक' मासिकात लेख लिहून त्याने या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली. हेतू चांगला होता, असंही त्याने म्हटलंय.

हा किस्सा वाचताना मला हसू येत नाही. कारण ही मीटिंग मला माहीत आहे. क्लायंट चिडलाय, शुक्रवारपर्यंत काहीतरी करून द्या, आणि एका डेव्हलपरला चार ओळींचा उपाय सुचतो. सगळे सुटकेचा नि:श्वास सोडतात. त्या चार ओळी पुढे दहा वर्षं कोट्यवधी लोकांच्या डोक्याला ताप देतील, असा विचार करायला टिकिटात रकाना नसतो.

पुढे काय झालं ते ज्यांनी तेव्हा सायबर कॅफेत वीस रुपये तासाने नेट वापरलंय त्यांना सांगायला नको. खिडकी बंद होतानासुद्धा कोड चालवता येतो, हे जाहिरातवाल्यांच्या लक्षात आलं. मग एक बंद करा, दोन उघडतात. आपल्या पुराणातला रक्तबीजच, प्रत्येक थेंबातून नवा राक्षस. त्यात 'पॉप-अंडर' आला, म्हणजे खिडकी तुमच्या पानाच्या मागे गुपचूप उघडून ठेवायची. तुम्ही काम संपवून ब्राउझर बंद केलात की ती दिसणार, आणि कुठल्या साइटने उघडली याचा पत्ता नाही. एक्स-टेन नावाच्या अमेरिकन कंपनीने २००१ मध्ये छोटे वायरलेस कॅमेरे विकायला ही युक्ती इतकी वापरली की सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या साइट्सच्या अमेरिकन यादीत तिचं नाव अगदी वर गेलं. "पाहिल्या गेलेल्या" म्हणजे लोकांनी शिव्या देत बंद केलेल्या, पण आकडा तो आकडा.

उपाय मात्र फार अवघड नव्हता. ऑपेराने आधी सोय दिली. मग जून २००२ मध्ये मोझिला १.० आला. त्यातला विचार मला आजही सुंदर वाटतो: माणसाने क्लिक केल्यावर खिडकी उघडत असेल तर उघडू दे, पान लोड होताना आपण होऊन उघडत असेल तर अडव. बस्स. आता गंमत बघा. याच मोझिलाच्या पायावर नेटस्केप ७.० बनला, तो ऑगस्ट २००२ मध्ये बाहेर पडला, आणि त्यातून नेमकी हीच सोय काढून टाकलेली! नेटस्केपची मालक तेव्हा एओएल होती, आणि एओएलच्या स्वतःच्या साइट्स पॉप-अप दाखवत होत्या. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की डिसेंबरात ७.०१ मध्ये सोय गुपचूप परत आली. म्हणजे तंत्रज्ञान तयार होतं, फक्त ते कुणाच्या खिशाला नडत होतं.

पण हे झालं ब्राउझरचं. त्याच सुमारास एक वेगळाच पॉप-अप सुरू झाला होता, आणि तो ब्राउझर बंद असतानाही यायचा.

विंडोजमध्ये 'मेसेंजर सर्व्हिस' नावाचा एक कोपऱ्यातला नोकर होता. गप्पा मारायच्या मेसेंजरशी याचा संबंध नाही बरं का. ऑफिसच्या नेटवर्कवर सिस्टिमवाल्याने "पाच मिनिटांत सर्व्हर बंद होतोय, फायली सेव्ह करा" असा निरोप सगळ्यांना पाठवावा, यासाठी तो ठेवलेला. कमांडचं नाव 'नेट सेंड'. आपल्याकडच्या हॉस्टेलांत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये पोरांनी तिचा उपयोग एकमेकांना छळायला मनसोक्त केला. तिथवर ठीक होतं. पण विंडोज एक्सपी घरोघरी गेली तेव्हाही हा नोकर चालूच राहिला, आणि घरचा कॉम्प्युटर तर थेट इंटरनेटला जोडलेला. त्यामुळे जगातल्या कुणीही तुमच्या आयपी पत्त्यावर एक छोटं पॅकेट टाकावं आणि तुमच्या पडद्यावर करड्या चौकटीत निरोप यावा. पाठवणाऱ्याची ओळख विचारायची पद्धतच नव्हती. २००२ च्या शेवटाला स्पॅमवाल्यांना हे कळलं.

यातला कळस सॅन डिएगोच्या 'डी स्क्वेअर्ड सोल्यूशन्स' या कंपनीने गाठला. त्यांचे पॉप-अप कसली जाहिरात करत असतील? पॉप-अप थांबवणाऱ्या सॉफ्टवेअरची! किंमत २५ ते ३० डॉलर. स्वतःच दगड मारायचे आणि स्वतःच काचा विकायच्या. तीही जी सोय सेटिंगमध्ये जाऊन फुकटात बंद करता येत होती तिच्यासाठी. नोव्हेंबर २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना कोर्टात खेचलं. त्याआधी ऑक्टोबरात एओएलने आपल्या ग्राहकांच्या मशीनवरची ही सर्व्हिस न विचारताच बंद करायला सुरुवात केली होती, आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टला कबूल करावं लागलं की या सर्व्हिसमध्ये असं भोक आहे ज्यातून बाहेरचा माणूस मशीनचा ताबा घेऊ शकतो. नुसता वैताग वाटत होता तो असा सुरक्षेचा प्रश्न निघाला. ज्या दारातून जाहिरात येते, त्याच दारातून चोरही येतो.

चोर येऊन गेलाही होता. १६ जुलै २००३ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आरपीसी नावाच्या भागातली एक चूक जाहीर केली आणि दुरुस्तीही दिली. बरोबर २६ दिवसांनी, ११ ऑगस्टला, ब्लास्टर हा वर्म सुटला. काही उघडायला नको, क्लिक करायला नको, नेटला जोडलात की झालं. पडद्यावर चौकट यायची: साठ सेकंदांत मशीन बंद होणार. उलटी गिनती सुरू. दुरुस्ती उतरवायला नेट हवं, आणि नेट जोडलं की मशीन बंद पडतं! जाणकार मंडळी पटकन 'शटडाउन'ची कमांड 'ए' अक्षरासह टाइप करून गिनती थांबवायची आणि मग दुरुस्ती उतरवायची. वर्मच्या पोटात लेखकाने बिल गेट्सना उद्देशून टोमणाही ठेवला होता, पैसे कमावणं थांबवा आणि सॉफ्टवेअर दुरुस्त करा, अशा अर्थाचा.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. एक्सपीमध्ये फायरवॉल पहिल्या दिवसापासून होती. बंद करून ठेवलेली. ती कुठे आहे हे शोधायला नेटवर्क कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये शेवटच्या टॅबपर्यंत जावं लागे. ती चालू असती तर बहुतेक घरगुती मशीन ब्लास्टरमधून वाचली असती. शिवाय घरच्या एक्सपीवर नेहमीचं खातं अॅडमिनचंच, म्हणजे आत शिरलेल्याला घराच्या सगळ्या किल्ल्या मिळाल्याच.

गेट्स यांनी जानेवारी २००२ मध्येच कंपनीभर मेल पाठवून नव्या सोयींपेक्षा सुरक्षा आधी, असं बजावलं होतं. त्याचं फळ घरच्या माणसाला ऑगस्ट २००४ मध्ये दिसलं. एक्सपी सर्व्हिस पॅक २. फायरवॉल आपोआप चालू. मेसेंजर सर्व्हिस बंद. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पॉप-अप अडवणारी सोय, तीही चालू. पान काही इन्स्टॉल करायला बघत असेल तर तोंडावर प्रश्न आदळण्याऐवजी वर एक पिवळी पट्टी. मला विचाराल तर घरगुती कॉम्प्युटरच्या सुरक्षेच्या इतिहासात याहून मोठी तारीख नाही. त्याआधी "अनोळखी गोष्टीवर क्लिक करू नका" हा उपदेश वर्षानुवर्षं चालू होता आणि त्याचा उपयोग जेमतेम. सेटिंगला हातही न लावणाऱ्या कोट्यवधी लोकांसाठी कुणीतरी शहाणपणाने सेटिंग करून दिलं, तेव्हा फरक पडला.

आपल्याकडे मात्र तो फरक उशिरा पोचला. सर्व्हिस पॅकची पूर्ण फाइल सुमारे २७० एमबीची. डायल-अपवर सेकंदाला ५ केबी मिळतात असं धरलं तर सलग पंधरा तास, आणि मध्ये कुणी लँडलाइनवर फोन उचलला की गेलं. मायक्रोसॉफ्ट सीडी टपालाने देत होती, पण हे किती जणांना ठाऊक? दुसरं कारण आपण सगळे जाणतो. आमच्या घरी असेंबल्ड मशीन आलं तेव्हा मी शाळेत होतो. जो माणूस विंडोज टाकून गेला त्याने निघताना बाबांना बजावलं होतं, "साहेब, अपडेट चालू करू नका, मशीन पकडलं जाईल." बाबांनी ते इमानाने पाळलं. पुढे दर तीन महिन्यांनी तोच माणूस येऊन तीनशे रुपयांत फॉरमॅट मारून जायचा. डी स्क्वेअर्डचीच आठवण येते, पण त्या बिचाऱ्याचा हेतू तसा नसावा.

असो. खऱ्या खिडक्या अडल्यावर खोट्या आल्या. पानाच्या आतच विंडोजसारखी चौकट काढायची आणि "तुमच्या सी ड्राइव्हमध्ये व्हायरस सापडले" असं दाखवायचं. मॅकवर सुद्धा सी ड्राइव्ह! विनफिक्सर वगैरे नावांनी असं खोटं अँटिव्हायरस विकणाऱ्या टोळीविरुद्ध २००८ मध्ये अमेरिकेत खटला झाला, आणि २०१२ मध्ये कोर्टाने १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल दिला. त्याच वर्षी फेडरल ट्रेड कमिशनने टेक सपोर्टच्या नावाने फसवणाऱ्या सहा टोळ्यांवर कारवाई केली. त्यातल्या बहुतेकांचा कारभार भारतातून चालत होता. आयटीतला माणूस म्हणून हे वाक्य लिहायला बरं वाटत नाही.

आणि मावशीचा लॅपटॉप? संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून बसलो. दुरून ताबा घेणारं अॅप मुद्दाम वापरलं नाही, कारण हे चोर पहिल्यांदा तेच टाकायला लावतात, आणि मला मावशीला ती सवय लावायची नव्हती. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी उघडली. अकरा साइट्स! क्रोममध्ये ही सोय २०१५ मध्ये आली, आणि त्यात विचारायचं विसरले नव्हते, परवानगी लागते. पण मग साइटवाले "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला 'अलाऊ' दाबा" असं लिहू लागले. फायरफॉक्स आणि क्रोमने २०२० मध्ये हे प्रश्न बरेच आवरते घेतले, तरी एकदा दिलेली परवानगी राहते. मावशीने विणकामाच्या एका साइटवर कधीतरी 'अलाऊ' दाबलं होतं, त्यातूनच ते लाल पान उघडलं. सगळ्या अकरा काढल्या, कुठल्याच साइटने यापुढे विचारू नये असं करून ठेवलं, अपडेट चालू आहेत ना पाहिलं, आणि रोजच्या वापराला साधं, अॅडमिन नसलेलं खातं बनवून दिलं.

"झालं?" मावशीने विचारलं. "मग तो नंबर मी वहीत उतरवून ठेवलाय, तो खोडू का?"

म्हटलं, खोड. त्या जागी १९३० लिही, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. तिने लिहिला, आणि पुढे कंसात माझं नाव.