नवोद्भव जनुक

प्रथिनाचा संकेत नसलेल्या डीएनएपासून नव्याने घडलेले जनुक. नवे जनुक मुख्यतः जुन्याच्या प्रतीतून घडते, हा सुसुमू ओनो यांचा १९७० मधील विचार दीर्घकाळ प्रमाण होता [⟶ जनुक द्विरावृत्ती]. २००६ पासून फळमाशी व पुढे यीस्टमध्ये वेगळी उदाहरणे आढळली. ही जनुके बहुधा आखूड असतात. जवळच्या जातींत त्याच जागी असांकेतिक क्रम आढळणे, ही त्यांची खरी ओळख.

उत्तरेकडील कॉड माशांचे हिमरोधी ग्लायकोप्रथिन हे सविस्तर उलगडलेले उदाहरण होय. थ्रिओनीन-अ‍ॅलनीन-अ‍ॅलनीन या त्रिकाच्या पुनरावृत्तीने बनलेले हे प्रथिन रक्तातील हिमस्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखते. २०१९ मधील संशोधनानुसार त्याचे जनुक घडताना २७ न्यूक्लिओटाइडांचा असांकेतिक तुकडा दुणावत गेला. पुढे एका न्यूक्लिओटाइडच्या फरकाने वाचनचौकट (क्रम तीन-तीनच्या गटांत वाचण्याची मांडणी) सरकली आणि प्रथिन पेशीबाहेर धाडणारा संकेत त्याला जोडला गेला. अंटार्क्टिक नोटोथेनिऑइड माशांत जवळजवळ असेच प्रथिन ट्रिप्सिनोजेनच्या जनुकापासून स्वतंत्रपणे घडल्याचे १९९७ मध्येच दिसले होते [⟶ अभिसारी उत्क्रांती].

या शोधांमुळे असांकेतिक डीएनए नव्या जनुकांचा स्रोत म्हणून अभ्यासला जातो [⟶ जीनोम]. मात्र झपाट्याने बदललेले जुने जनुकही नवे भासू शकते; त्यामुळे निकटच्या जातींचे जीनोम ताडून पाहणे आवश्यक असते.