जुन्या बेस गिटारचा आवाज बदलायचाय? मग आधी तिच्या पोटातलं सोल्डर बघा

१९७७ साली न्यूयॉर्कमधल्या एका विशीतही न पोहोचलेल्या पोराने फेंडर कंपनीची जॅझ बेस घेतली. पोराचं नाव मार्कस मिलर. पुढे त्याने ती गिटार रॉजर सॅडोव्स्की नावाच्या कारागिराकडे नेली आणि सॅडोव्स्कीने तिच्यात स्टार्स गिटार्स कंपनीचा बॅटरीवर चालणारा प्रीअँप बसवला. तीच बेस घेऊन मिलर माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये वाजवायला लागला, आणि आज जगभरचे बेसवादक 'मार्कस मिलरसारखा आवाज' हवा म्हणून हजारो रुपये खर्च करतात.

आता यात एक गंमत आहे. मिलरने गिटार उघडायला दिली तेव्हा ती जवळपास नवीच होती. तिच्या आतल्या वायरी कुणी कापल्या, कुणी जोडल्या, याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. आज त्याच काळातली एखादी जॅझ बेस तुमच्या हातात आली तर मामला वेगळा आहे. ती 'व्हिंटेज' आहे. विकत घेणारा माणूस आधी स्क्रू काढून आत बघतो. आत त्याला काय बघायचं असतं? फॅक्टरीतल्या कामगाराने दिलेलं मूळ सोल्डर.

म्हणजे आवाज तर बदलायचाय, पण ज्या जोडांमुळे आवाज ठरतो तेच जोड हलवले की वाद्याची किंमत घसरते. हा तिढा सोडवता येतो. पण त्यासाठी आत नेमकं काय चालतं ते कळायला हवं.

आत असतं तरी काय?

साठच्या दशकातल्या जॅझ बेसचं कंट्रोल पॅनल उघडलं तर पहिल्यांदा बघणाऱ्याचा हिरमोड होतो. एवढीशी वायर, तीन पॉट, एक कॅपॅसिटर आणि एक जॅक, एवढाच संसार. बॅटरी नाही, सर्किट बोर्ड नाही. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस बघून म्हणेल, बस, एवढंच?

तारांच्या खाली जे दोन काळे लांबट डबे दिसतात ते पिकअप. प्रत्येकात लोहचुंबकाचे तुकडे आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ही तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची असते. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी किंचित वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व, दुसरं काही नाही.

ही वीज आधी व्हॉल्यूमच्या पॉटमधून जाते. पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, फिरवला की रोध बदलणारा. जॅझ बेसमध्ये दोन पिकअपना दोन व्हॉल्यूम आणि दोघांना मिळून एक टोन. १९६० साली ही बेस बाजारात आली तेव्हा मात्र एकावर एक बसवलेले दुहेरी नॉब होते, म्हणजे प्रत्येक पिकअपला स्वतःचा व्हॉल्यूम आणि स्वतःचा टोन. १९६२ च्या सुमारास तीन नॉबची रचना आली आणि तीच टिकली.

टोनचा नॉब काय करतो, हे बऱ्याच वाजवणाऱ्यांनाही नीट माहीत नसतं. तो काही वाढवत नाही. त्याला वाढवताच येत नाही, कारण आत वीज पुरवणारं काही नाहीच. तो फक्त वरच्या पट्टीतला आवाज कॅपॅसिटरमधून जमिनीत, म्हणजे ग्राउंडमध्ये, सोडून देतो. जुन्या जॅझ बेसमध्ये हा कॅपॅसिटर ०.०५ मायक्रोफॅरडचा असतो. आज मिळतो तो ०.०४७ चा, कानाला फरक शून्य.

थोडं गणित, पण कामाचं

पिकअप हे कॉइल आहे, त्यामुळे त्याला इंडक्टन्स असतो. गिटारपासून अँपपर्यंत जाणाऱ्या केबलला कपॅसिटन्स असतो, साधारण मीटरला १०० पिकोफॅरड. दोघं मिळून एक ठरावीक फ्रिक्वेन्सी उचलून धरतात आणि तिच्यावरचा आवाज गाळून टाकतात. वाद्याचा 'स्वभाव' म्हणतात तो बराचसा इथे ठरतो.

ढोबळ हिशेब करू. पिकअपचा इंडक्टन्स ४ हेन्री आणि केबल पाच मीटर, म्हणजे ५०० पिकोफॅरड. एकच पिकअप चालू असेल तर ही उचल येते सुमारे ३,५०० हर्ट्झवर. टोन पूर्ण बंद केला की मधे ०.०४७ चा कॅपॅसिटर येतो आणि तीच उचल घसरून ३७० हर्ट्झच्या आसपास येते. म्हणून टोन बंद केल्यावर बेस घोंगडीखाली वाजल्यासारखी घुमते.

याचा एक अर्थ असा की दहा मीटरची केबल लावून 'माझी जुनी बेस फार मंद वाजते' म्हणणाऱ्याने वायरिंगला हात लावण्याआधी केबल बदलून बघावी. खर्च कमी, धोका शून्य.

खरा फरक कुठल्या बदलाने पडतो?

सिरीज आणि पॅरलल. बाकी सगळे बदल याच्यापुढे किरकोळ.

जॅझ बेसचे दोन पिकअप पॅरलल जोडलेले असतात. दोन्ही पूर्ण उघडले की एकत्र इंडक्टन्स निम्मा होतो, ४ चा २ हेन्री. वरच्या हिशेबाने उचल जाते ५,००० हर्ट्झकडे. म्हणून दोन्ही पिकअपवर जॅझ बेस खणखणीत, मोकळी वाजते. अंगठ्याने स्लॅप करणाऱ्यांना ती आवडते ती यामुळेच. त्यात फेंडरने दुसरा पिकअप उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या ध्रुवांचा केला, त्यामुळे दोन्ही सारखे उघडले की विजेची घरघर एकमेकांत मिटते. अमेरिकेत ही घरघर ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. एक नॉब जरा कमी केला की ती परत येते. अनेक जण याला बिघाड समजतात, पण तो बिघाड नाही.

हेच दोन पिकअप एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडले तर इंडक्टन्सची बेरीज होते. ८ हेन्री. उचल उतरते २,५०० हर्ट्झवर. आवाज मोठा होतो, मधला पट्टा फुगतो, वरची खणखण कमी होते. बेस एकदम पुढे येते. घरघर मात्र तशीच मिटलेली राहते. २००३ पासून फेंडरने आपल्या अमेरिकन मालिकेतल्या जॅझ बेसवर एस-१ नावाचा स्विच दिला, त्याचं काम हेच.

हे करायला पिकअप उघडावा लागत नाही, ही सगळ्यात चांगली गोष्ट. प्रत्येक पिकअपमधून दोन वायरी बाहेर आलेल्याच असतात. एकाची ग्राउंडला जाणारी वायर उचलायची आणि स्विचमार्फत दुसऱ्याच्या गरम वायरीला जोडायची. वर ओढला की सिरीज, दाबला की पॅरलल, असा पुश-पुल पॉट मिळतो. वेगळं भोक पाडायची गरज नाही. सिरीजमध्ये बहुतेक जोडण्यांत एकच व्हॉल्यूम दोघांसाठी चालतो आणि दुसरा नुसता फिरतो, एवढं लक्षात ठेवायचं.

रिकनबॅकरची गोष्ट उलटी आहे. ४००१ या मॉडेलमध्ये ब्रिजजवळच्या पिकअपच्या वाटेतच ०.००४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आडवा बसवलेला असायचा. इथे तो वरचा नाही, खालचा आवाज अडवतो. त्यामुळे तो पिकअप एकटा वाजवला की चिरका आणि अशक्त लागतो. अनेकांनी कॅपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये एक तारेचा तुकडा टाकून त्याला बगल दिली. पुढे कंपनीनेही तो काढला. मग लोकांना जुनाच आवाज हवासा वाटू लागला आणि ४००३ वर तो पुश-पुल नॉबमागे परत आला! यस बँडच्या ख्रिस स्क्वायरने तर आपल्या रिकनबॅकरची वायरिंग स्टिरिओ करून घेतली होती, म्हणजे दोन पिकअपचा आवाज दोन वेगळ्या वाटांनी बाहेर.

आणि कॅपॅसिटर कशाचा, हा वाद? कागद-तेलाचा, सिरॅमिक की पॉलिएस्टर? यूट्यूबवर यावर तासनतास चर्चा आहे. मूल्य सारखं असेल तर या सर्किटमध्ये कानाला फरक कळत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. जुन्या दिसणाऱ्या कॅपॅसिटरला हजार रुपये मोजायचे असतील तर दिसण्यासाठी मोजा. पॉटचं मूल्य बदललं तर मात्र फरक ऐकू येतो. २५० किलोओमऐवजी ५०० चा टाकला की पिकअपवरचा भार कमी होतो आणि आवाज उजळतो.

किंमत न घालवता हे कसं करायचं?

जुन्या पॉटच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ ३०४६६१२. यातले पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. १३७ असेल तर सीटीएस. पुढचे ६६ म्हणजे १९६६ साल आणि १२ म्हणजे त्या वर्षाचा बारावा आठवडा. गिटार त्यानंतर बनली, एवढं नक्की. संग्राहक हे आकडे वाचतात आणि मग त्यावरचं सोल्डर बघतात. जुनं सोल्डर मळकट, कापडी वेष्टणाच्या वायरीभोवती घट्ट बसलेलं. पुन्हा डाख दिलेला जोड चकचकीत दिसतो, भांड्याला दिलेला नवा डाख ओळखू येतो तसाच.

त्यामुळे मूळ पॉटवर काम करायचंच नाही. जॅझ बेसचे सगळे नॉब आणि जॅक एका धातूच्या पट्टीवर बसवलेले असतात. तशी नवी पट्टी मिळते. तिच्यावर नवे पॉट, नवा जॅक, नवा कॅपॅसिटर लावून सगळं सर्किट टेबलावरच तयार करायचं. मग जुन्या पट्टीवरून फक्त पाच जोड सोडवायचे. पिकअपच्या चार वायरी आणि ब्रिजकडून येणारी ग्राउंडची एक. जुनी पट्टी तशीच, तिच्या आतल्या जोडांना हात न लावता, झिपच्या पिशवीत. उद्या गिटार विकायची झाली तर तेच पाच जोड परत. ते पाच जोड नवे दिसतील हे खरं, आणि विकताना ते सांगायलाच हवं. पण बाकीचं सगळं मूळ राहतं.

सोडवण्याआधी चार बाजूंनी फोटो काढा. मोबाईल आहेच हातात.

सामान घ्यायला पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर कॅपॅसिटर बिनधास्त घ्या, ०.०४७ वर ४७३ छापलेलं असतं. पॉट घेताना मात्र जपून. तिथे सहज मिळतात ते बऱ्याचदा 'बी' छापाचे, म्हणजे सरळ रेषेत वाढणारे. व्हॉल्यूमसाठी लागतो 'ए' छापाचा, ए२५०के. शिवाय फेंडरच्या पट्टीचं भोक साडेनऊ मिलिमीटरचं आणि नॉब पाव इंची दांड्याचे. आपल्याकडच्या पॉटचा दांडा सहसा सहा मिलिमीटर. नॉब डुगडुगतो, आणि मग कुणीतरी जुन्या नॉबवर ड्रिल चालवतं. ते करू नका.

पिकअपचं काळं कव्हर विनाकारण ओढून काढणं, हा यातला सगळ्यात महाग प्रकार. साठ वर्षांची ती केसासारखी तार कव्हरला चिकटलेली असू शकते. तुटली की पिकअप मेला आणि नवे वेढे घालणं हाच उपाय. मग तो 'मूळ' राहत नाही. पिकअप जिवंत आहे का, हे न उघडता कळतं. केबल जॅकला लावा, मल्टिमीटर ओमवर ठेवा. एक व्हॉल्यूम पूर्ण, दुसरा शून्य असेल तर सात-साडेसात किलोओमच्या आसपास आकडा यायला हवा. दोन्ही पूर्ण केले की साधारण निम्मा. आकडा शेकडो किलोओममध्ये गेला तर कुठेतरी तार तुटली आहे.

आकडे बरोबर आहेत, पण दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ आणि पोकळ येतो? मग एक पिकअप उलटा जोडलाय. त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करायची.

आणि मिलरसारखा प्रीअँप?

बॅटरीवाला प्रीअँप लावला की पिकअप केबलपासून सुटतो, केबल कितीही लांब चालते. शिवाय खालचा-वरचा आवाज नुसता कमी नाही, वाढवताही येतो. पण ९ व्होल्टची बॅटरी बसायला जागा लागते आणि जुन्या जॅझ बेसच्या पोकळीत ती सहसा नसते. मग लाकूड कोरावं लागतं. कोरलेलं लाकूड पिशवीत ठेवून परत लावता येत नाही. जुन्या गिटारवर मी हे करणार नाही. हवाच असेल तर पायाखाली ठेवायचे प्रीअँप पेडल मिळतात, गिटारला हातही लावावा लागत नाही.

राहिली सुरक्षा. गिटारच्या आतली वीज इतकी कमी की बोटाला कळतही नाही. अँपचं तसं नाही. व्हॉल्व्हच्या अँपमधले कॅपॅसिटर बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट धरून ठेवतात, तिथे हात घालायचा नाही. आणि गिटारच्या तारा ब्रिजमार्फत अँपच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, त्यामुळे ज्या हॉलमधल्या प्लगला अर्थिंग नाही तिथे वाजवण्याआधी टेस्टर लावून बघा. घरघर जास्त येते म्हणून कुणी अँपच्या प्लगची तिसरी पिन काढायचा सल्ला दिला तर त्याचं ऐकू नका.