हौशी बिनतारी परवाना : विद्या आणि विश्वास

ठाणे, कल्याण वा डोंबिवली येथील जो विद्यार्थी हौशी रेडिओचालकाच्या परीक्षेची तयारी करतो, त्यास दोन विषयांचा अभ्यास करावा लागतो : रेडिओचे तंत्र आणि शासनाचे नियम. वरच्या श्रेणीकरिता मॉर्स संकेतांचीही कसोटी असते. तथापि परवाना ही केवळ तंत्रकौशल्याची बाब नव्हे. तो शासनाने व्यक्तीवर टाकलेला विश्वास असतो. हे जवळच्याच मुंबईच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

१९३९ साली महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील हौशी परवाने रद्द केले. परवाना परत घेता आला, पण विद्या परत घेता आली नाही. पूर्वीचे परवानाधारक नरिमन प्रिंटर यांनी १९४२ मध्ये गुप्त काँग्रेस रेडिओसाठी प्रक्षेपक उभारून दिला. उषा मेहता व त्यांचे सहकारी मुंबईत जागा बदलीत ४२.३४ मीटरवरून ‘चले जाव’ चळवळीच्या वार्ता देत राहिले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाड पडली. पुढे खटल्यात प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले. उषा मेहता यांस चार वर्षांची शिक्षा झाली.

ज्या विद्येवर सरकारने अविश्वास दाखविला, तिने चळवळीस वाणी दिली. आणि ज्या विद्यावंतावर चळवळीने विश्वास टाकला, तोच सरकारपक्षाकडून साक्षीस उभा राहिला. तंत्राची व नियमांची परीक्षा घेता येते. प्रसंग पडता मनुष्य कोणत्या बाजूस राहील, याची परीक्षा मात्र सरकारलाही घेता आली नाही व चळवळीलाही नाही.