समजातीय परमाणूंतील भेद व पोथ्यांचा कालनिर्णय

वैशेषिक दर्शनांत ‘विशेष’ नांवाचा एक पदार्थ मानिला आहे. दोन पार्थिव परमाणु जातीनें व गुणांनीं सारखे असतां एकाहून दुसरा निराळा कशानें ठरतो, या शंकेचें तें समाधान होय. प्रत्येक परमाणूचा विशेष स्वतंत्र आहे. यावरून कणादास आधुनिक समस्थानिकांचें ज्ञान होतें असें प्रतिपादन कधीं कधीं ऐकूं येतें. तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

इ. स. १८०८ मध्यें डाल्टननें आपल्या ग्रंथांत एका मूलद्रव्याचे सर्व परमाणु समान भाराचे मानिले. १९१३ मध्यें सॉडीनें एकाच मूलद्रव्याचे भिन्नभार परमाणु असूं शकतात असें दाखवून त्यांस समस्थानिक ही संज्ञा दिली. १९१९ पासून ॲस्टनच्या यंत्रानें ते प्रत्यक्ष वेगळे दिसूं लागले. प्रोटॉनांच्या संख्येवर मूलद्रव्य ठरतें. न्यूट्रॉन कमीअधिक झाल्यास भार तेवढा बदलतो.

उदाहरणें आमच्या भंडारा जिल्ह्यांतच आहेत. चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतल्या मँगनीजचे स्थिर परमाणु एकाच, ५५ भाराचे. उलट भंडाऱ्याच्या प्रसिद्ध पितळेंतील तांब्याचे स्थिर प्रकार दोन, ६३ व ६५, जस्ताचे पांच. आतां भेद पहावा. समस्थानिकत्व हा परमाणूंच्या वर्गाचा धर्म आहे, एकेका परमाणूचा नव्हे. ६३ भाराचे दोन ताम्रपरमाणु एकमेकांपासून ओळखण्याजोगें कोणतेंहि अंगचें चिन्ह पदार्थविज्ञान मानीत नाहीं. म्हणजे आधुनिक मत कणादाच्या विशेषाच्या विरुद्धच जातें. पूर्वजांचा गौरव त्यांनीं विचारलेल्या प्रश्नामुळें करावा. न दिलेलें उत्तर त्यांच्या पदरीं बांधूं नये.

संशोधकांस या विषयाचें प्रयोजन कार्बनामुळें आहे. त्याचे १२ व १३ भाराचे परमाणु स्थिर असून १४ भाराचे अत्यल्प व क्षयशील आहेत; सुमारें ५,७३० वर्षांत ते निम्मे उरतात. वनस्पति जिवंत असेतों हवेंतून त्यांची भर पडते, पुढें केवळ क्षय होतो. यावरून लिबीनें १९४९ मध्यें कालमापन सिद्ध केलें.

परंतु या पद्धतीनें ताडपत्र केव्हां तोडलें तें कळतें, त्यावर केव्हां लिहिलें तें नव्हे. पवनी येथें १९६९-७० च्या उत्खननांत स्तूपाचे अवशेष व ब्राह्मी लेख मिळाले. त्या शिळांचें वय कार्बन सांगूं शकत नाहीं, तेथें अक्षरवटिकाच प्रमाण. भोंसलेकालीन कागदांविषयीं तर अडचण अधिक. सुमारें १६५० नंतरच्या काळांत हवेंतील प्रमाण असें खालींवर झालें कीं एकाच मापास अनेक वर्षें जुळतात. तेथें पुष्पिकेंतील शक, तिथि-वारांचा मेळ, कागदाची घडण व हस्ताक्षर हींच साधनें श्रेष्ठ होत.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच: पोथी जुनी ठरविण्याच्या हौसेनें पान कापूं नये. ज्या पोथीची परीक्षा खरोखर अवश्य आहे तिला तेल, डिंक, राळ लावूं नये. त्यांतील परका कार्बन मापांत मिसळतो, आणि खनिज तेलांत १४ भाराचा कार्बन मुळींच नसल्यामुळें पान आहे त्याहून प्राचीन भासतें. खोट्या प्राचीनतेपेक्षां खरी अर्वाचीनता इतिहासास अधिक उपयोगी आहे.